जयपूरचा रसोवडा समुद्रापार

१९०२ सालचा मे महिना. मुंबईच्या बंदरात ‘ऑलिंपिया’ ही अँकर लाइन कंपनीची आगबोट उभी होती. जयपूर दरबारानं ती सबंधच्या सबंध भाड्यानं घेतली होती. वेग आणि थाट यांच्याआधी दरबारानं एक गोष्ट पाहिली होती: बोट नवीकोरी होती, तिच्या मुदपाकखान्यात गोमांस कधी शिजलेलं नव्हतं. आता तिच्यावर धान्य, तूप, मसाले आणि भांडीकुंडी चढत होती. सरदार, पुजारी, पंडित, आचारी, पाणके मिळून सव्वाशेच्या आसपास माणसं होती. गोपालजींच्या मूर्तीसाठी बोटीवर देवघर मांडलं होतं. आणि पुरुषभर उंचीचे चांदीचे अजस्र कलश होते, काठोकाठ गंगाजळानं भरलेले. नांगर उचलण्यापूर्वी समुद्राची पूजा झाली. सोनं, चांदी, मोती आणि रेशीम दर्याला अर्पण केलं गेलं. नारळी पौर्णिमेला नारळावर भागवणाऱ्या कोळीवाड्यांनी एवढा नैवेद्य कधी पाहिला नसेल.

हा सगळा खटाटोप एका माणसाला लंडनमध्ये घरच्यासारखं जेवता यावं म्हणून होता. तो माणूस म्हणजे जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे. इसरदा या जहागिरीतला हा मुलगा महाराजा रामसिंहांना दत्तक गेला आणि १८८० साली गादीवर बसला. गोविंददेवजींचा निस्सीम भक्त, रोज गंगाजळ पिणारा, परंपरेला चिकटून राहणारा राजा अशी त्यांची ख्याती होती. इंग्लंडचा नवा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेक समारंभाचं आमंत्रण आलं, तेव्हा त्यांची कोंडी झाली. हाच एडवर्ड युवराज असताना जयपूरला आला होता. ६ फेब्रुवारी १८७६ रोजी त्याच्याच हातून अल्बर्ट हॉलचा पाया घातला गेला होता. त्याला नाही म्हणावं तर सार्वभौम सत्तेचा अवमान. हो म्हणावं तर समुद्र ओलांडायचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या लेखी पातित्य ओढवून घ्यायचं.

समुद्रबंदीच्या मुळाशी खरी अडचण पाण्याची नव्हती, ताटाची होती. बोटीवर स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण भरणार, चुलीला कोणाचा हात लागणार, हे प्रश्न होते. जयपुरात तेव्हा स्वयंपाकाची सरळ विभागणी होती. पाण्यात शिजवलेली ‘कच्ची रसोई’, म्हणजे वरण, भात, रोटी. ती आपल्या जातीच्या किंवा वरच्या जातीच्या माणसानंच केलेली हवी आणि चौक्याच्या, म्हणजे स्वयंपाकासाठी आखलेल्या शुद्ध जागेच्या, आतच खाल्ली पाहिजे. तुपात तळलेली ‘पक्की रसोई’, म्हणजे पुरी, कचोरी, लाडू. ती बाहेर नेता येते, चारचौघांत वाढता येते. आपल्याकडचं सोवळं याच जातकुळीचं. प्रवासाला निघताना पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशम्या करून देणारी आजी हाच हिशेब करत होती: दूध-तुपाला विटाळाची धास्ती कमी, पाण्याला जास्त.

हा शाकाहाराचा मामला नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवं. राजपुताच्या ताटात मांस होतंच. शिकारीचं मांस, सुळ्यांवर भाजलेले ‘सुले’, दह्यात आणि बदामात शिजलेलं ‘सफेद मांस’ हे त्यांच्या मेजवानीचे मानाचे पदार्थ. त्याच शहरात गोविंददेवजींच्या भोगात कांदा-लसणाला मज्जाव. दोन्ही स्वयंपाक एकमेकांशेजारी सुखानं नांदत होते. आक्षेप पदार्थापेक्षा हाताला आणि पाण्याला होता. राजवाड्याच्या रसोवड्यातून, म्हणजे मुदपाकखान्यातून, निघालेला थाळ चाखणारा माणूस चाखे, मग तो बाजोटावर, म्हणजे बुटक्या चौरंगावर, ठेवला जाई. पाहुण्याला ‘मनुहार’ करून, अगदी हातानं घास भरवून जेवू घालण्याची रीत होती; पण तो पाहुणा कोण, यावर त्या आग्रहाची हद्द ठरे.

शहराच्या तटाबाहेरचं जेवण वेगळं होतं. तिथं हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात जव. जव आणि हरभरा मिसळून दळलेल्या ‘बेझड’ची जाड रोटी. बाजरीचं पीठ ताकात कालवून मंद आचेवर रटरटत ठेवलेली राबडी दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर प्यायची, की शेतात दुपारपर्यंत पोट राहतं. ताजी भाजी दुर्मीळ, म्हणून खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, आणि केराची फळं वाळवून वर्षभर पुरवायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी सगळ्यांचीच. ती तुपात किती बुडते, एवढाच घराघरांतला फरक. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या या प्रदेशात ताक, दही आणि वाळवणं यांच्या भरवशावर स्वयंपाक उभा होता.

माधोसिंहांचा पेच नवा नव्हता. त्यांच्या सव्वाशे वर्षं आधी पुण्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांनी इंग्लंडच्या राजाकडे दाद मागायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्यासोबत मणियार हा पारशी असे लोक धाडले होते. १७८१ साली ते लंडनला पोचले आणि हणमंतरावाच्या जेवणाचे हाल सुरू झाले. हे पाहून पार्लमेंटातले प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी या मंडळींना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि झाडं ठेवण्याचं काचघर त्यांना स्वयंपाकासाठी मोकळं करून दिलं. इंग्लंडच्या गारठ्यात, काचेच्या भिंतींआड, एक मराठी ब्राह्मण स्वतःची चूल पेटवून स्वतःपुरतं शिजवून खातो आहे, हे दृश्य त्या काळच्या राजकारणापेक्षा जास्त बोलकं आहे. वकिली फसली, सोवळं मात्र टिकलं. आणि तरीही परतल्यावर त्याला शुद्धी करून घ्यावीच लागली.

त्याहून जवळचं उदाहरण पुण्याचं. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी गावातल्या नामवंतांना व्याख्यानाला बोलावलं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी प्याले, कोणी कप नुसता बाजूला सरकवला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी माणसं त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांना दोष दिला, सनातन्यांना ते पुरेसं वाटलं नाही. एका चहाच्या कपानं हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचणाऱ्या विद्वानाला गुडघे टेकायला लावले.

जयपूरच्या महाराजांना मात्र कोणी प्रायश्चित्त मागितलं नाही, कारण त्यांनी वादाला जागाच ठेवली नाही. आपण समुद्रापार जायचं नाही, आपलं जयपूरच समुद्रापार न्यायचं, असा तोडगा दरबारानं काढला. देव पुढे जाणार, राजा देवाच्या मागून जाणार. म्हणजे ही यात्रा देवाची. राजा खाणार तो देवाचा प्रसाद, पिणार ते गंगाजळ. त्यासाठी लागणारे कलश तयारच होते. जयपूरच्या गोविंदराम आणि माधव या कारागिरांनी १८९० च्या दशकात झाडशाही रुपयाची हजारो नाणी वितळवून, कुठेही सांधा न देता ते घडवले होते. त्यांतले दोन आज सिटी पॅलेसच्या दिवाण-ए-खासमध्ये उभे आहेत आणि चांदीची जगातली सर्वांत मोठी भांडी म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद आहे. सोबत मिथिलेहून जयपूरला येऊन राहिलेले पंडित मधुसूदन ओझा होते. वेदविद्येचा हा गाढा अभ्यासक बरोबर असल्यावर शास्त्राधाराची वाण नव्हती. आणि राज्याच्या बांधकाम खात्याचे सर स्विंटन जेकब होते. अल्बर्ट हॉल उभारणारा हा इंग्रज आता महाराज आणि लंडन यांच्यामधला दुवा होता.

पण या लवाजम्याकडे पाहताना त्याच्या आधीची दोन-अडीच वर्षं विसरता येत नाहीत. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. राजस्थानात आजही म्हातारी माणसं ‘छपनिया काळ’ म्हणतात तो हा दुष्काळ. १८९९ चा पाऊस आलाच नाही. आधी गुरं गेली, मग माणसं. लोकांनी खेजडीची साल सोलून वाळवली, कुटली, तिचं पीठ करून भाकऱ्या थापल्या. ज्या झाडाची सांगरी चवीनं खायची, त्याचंच कातडं पोटात ढकलायची वेळ आली. या दुष्काळात चौक्याचं काय झालं? मदतकेंद्रात शिजवलेलं अन्न घ्यायला वरच्या जातींची माणसं धजत नसत, म्हणून ब्राह्मण आचारी ठेवण्याची काळजी सरकारला घ्यावी लागे. तरीही कोरडा शिधा मिळावा म्हणून लोक अडून बसत. ज्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं त्यांनी मिळेल त्याच्या हातचं खाल्लं. नियम पाळायलाही घरात धान्य असावं लागतं.

माधोसिंह या दुःखाकडे पाठ फिरवून बसले नव्हते. १९०० साली सबंध हिंदुस्थानासाठी जो दुष्काळ निवारण निधी उभा राहिला, त्याची कल्पना त्यांची आणि पंधरा लाखांहून अधिक रुपयांची पहिली देणगीही त्यांची. जयपूरजवळ रामगढचं धरण बांधायला १८९७ मध्येच सुरुवात झाली होती. ते १९०३ च्या सुमारास पुरं झालं. म्हणजे हा राजा कंजूष नव्हता, निष्ठुरही नव्हता. पण त्याच खजिन्यातून दुष्काळाला देणगी गेली आणि त्याच खजिन्यातून एका माणसाचं सोवळं सांभाळायला अख्खी आगबोट भाड्यानं घेतली गेली. दोन्ही खर्च त्याच्या लेखी धर्माचेच होते, आणि त्याच्या प्रजेनंही बहुधा तसंच मानलं असतं.

‘ऑलिंपिया’ एडनवरून लाल समुद्रात शिरली आणि सुएझ कालव्यातून इजिप्तच्या भूमीला चाटून गेली. दोन्ही काठांवर जो फेल्लाह, म्हणजे इजिप्तचा शेतकरी, राबत होता, त्याचं रोजचं जेवण जयपूरच्या शेतकऱ्याहून फार निराळं नव्हतं: जाड भाकरी, कांदा, ताकासारखं आंबट काही, आणि रात्रभर मंद आचेवर शिजवत ठेवलेल्या बाकल्याच्या बिया, ज्यांना तिथं ‘फूल’ म्हणतात. राबडीचं मडकं आणि फुलाचं मडकं, दोन्ही निवत्या निखाऱ्यावर रात्र काढत. फरक जेवायच्या पद्धतीत होता. इजिप्तमध्ये सगळे एका परातीभोवती बसतात, भाकरीचा तुकडा मोडून उजव्या हातानं त्याच ताटात बुडवतात. अनोळखी पाहुणाही त्यात सामील. उष्ट्याच्या कल्पनेवर वाढलेल्या माणसाला ती परात पाहूनच घास उतरला नसता.

गंमत म्हणजे इजिप्त जयपुरात आधीच येऊन राहिलं होतं. १८८० च्या दशकात नाईलकाठच्या अखमीमची एक ममी कैरोहून आणण्यात आली; ‘तूतू’ नावाची पुरोहित घराण्यातली ही स्त्री अल्बर्ट हॉलमध्ये ठेवलेली आहे. तिच्या देशात मेलेल्या माणसाबरोबर भाकरी, मद्य, कांदे, भाजलेली बदकं पुरत, कारण परलोकातही आपल्याच घरचं खाणं लागणार अशी समजूत होती. माधोसिंहांचा परलोक टेम्स नदीच्या काठी होता आणि शिदोरीही तितकीच चोख होती.

मार्सेयला उतरून आगगाडीनं फ्रान्स पार करत मंडळी जूनच्या सुरुवातीला लंडनला पोचली. केन्सिंग्टनमधल्या कॅम्पडन हिलवर ‘मोरे लॉज’ नावाचा बंगला त्यांच्यासाठी घेतला होता. गोपालजींची स्वारी गाडीतून पुढे आणि महाराज मागे, असा प्रवेश पाहायला लंडनकर रस्त्यावर आले. बंगल्यात चुली मांडल्या गेल्या. इंग्रज वर्तमानपत्रांना या राजाच्या मतांपेक्षा त्याच्या पाण्यात आणि स्वयंपाकात जास्त रस होता.

समारंभ २६ जूनला ठरला होता. दोनच दिवस आधी, २४ तारखेला, एडवर्डच्या पोटात आंत्रपुच्छाजवळ गळू झाल्याचं जाहीर झालं आणि बकिंगहॅम राजवाड्यातच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. राजवाड्याच्या भटारखान्यात तोवर अडीचशे पाहुण्यांसाठी चौदा प्रकारांची मेजवानी तयार होत आली होती. जे टिकणारं होतं ते बर्फात गेलं. तितर, पाणलाव्यांच्या कटलेटी, मासे असं जे नासणारं होतं, ते गरिबांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या हाती देऊन व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांत वाटून टाकण्यात आलं. ज्यांनी आयुष्यात पोटभर मटण पाहिलं नव्हतं, त्यांच्या पानात राजाच्या मेजवानीचे पदार्थ पडले. ५ जुलैला राजाच्या नावानं लंडनमधल्या सुमारे पाच लाख गोरगरिबांना जेवण घालण्यात आलं. ते मात्र आधीपासून ठरलेलं होतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात पाच लाख माणसं फुकट जेवणाच्या यादीत बसत होती, हेही त्या उन्हाळ्यानं दाखवलं. अखेर राज्याभिषेक ९ ऑगस्टला पार पडला. तोवर बरेच संस्थानिक लंडनमध्येच अडकून पडले.

या अडकून पडलेल्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज होते. घरी वेदोक्त प्रकरण पेटलेलं होतं. राजोपाध्यांनी राजालाच शूद्र ठरवून पुराणोक्त विधी केले होते आणि त्याचा सल ताजा होता. ‘मोरे लॉज’मध्ये जयपूरचं सोवळं कडेकोट पाळलं जात असताना, शाहू महाराजांचा मुक्काम इंग्लंडातच असताना, २६ जुलै १९०२ ची तारीख असलेला त्यांचा हुकूम निघाला: करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना द्याव्यात. पुढे काही वर्षांनी याच राजानं गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढायला मदत केली. गंगाराम दलित, सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार खावा लागला होता. त्या हॉटेलासमोर महाराजांची गाडी थांबे. महाराज स्वतः चहा मागवत, पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. पंचहौदच्या चहानं माणसं वाळीत पडली होती. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या चहाला नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, कारण कप राजाच्या हातात होता.

इथं दोन राजांची तुलना करून एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. माधोसिंह आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक होते. १९१६ मध्ये हरिद्वारला गंगेचा प्रवाह अडवण्याच्या प्रश्नावर मदनमोहन मालवीयांनी सरकारशी बोलणी केली, तेव्हा वृद्धत्वाकडे झुकलेले माधोसिंह त्यांच्या बाजूनं उभे होते. कलशात भरून नेलेलं पाणी त्यांना खरोखरच पवित्र वाटत होतं. प्रश्न श्रद्धेचा नाही, सवलतीचा आहे. शास्त्रानं समुद्र सगळ्यांनाच मना केला होता. पण हणमंतरावाला शुद्धी करावी लागली, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, आणि महाराजांना फक्त बोट भाड्यानं घ्यावी लागली. शाहू महाराजांनीही नियम मोडला तो राजेपणाच्या जोरावरच. गंगाराम कांबळ्यांनी तोच चहा गादीचा आधार नसताना विकला असता, तर गिऱ्हाईक कुठलं आलं असतं? खाण्यापिण्याचे निर्बंध मोडायला धैर्य लागतं हे खरं, पण ते वाकवायला आणि पेलायला आधी ऐपत लागते. छपनिया काळात खेजडीची साल खाणाऱ्याला या दोन्हींपैकी काहीच परवडत नव्हतं.

माधोसिंह १९२२ मध्ये वारले. त्यांचे दत्तकपुत्र मानसिंह दुसरे पोलो खेळत जगभर हिंडले आणि त्यांच्याबरोबर कोणी गंगाजळाचे कलश वाहिले नाहीत. १९५७ साली या घराण्यानं आपला रामबाग राजवाडा हॉटेल म्हणून उघडला. पंक्तीला कोण बसणार हे ज्या घराण्यात पुजारी आणि आचारी ठरवत, तिथं आता बिल भरू शकणारा कोणीही, कोणत्याही जातीचा आणि देशाचा, टेबलाशी बसून लाल मांस मागवू शकतो. जातीची अट गेली, हे चांगलंच झालं. ऐपतीची अट राहिली, आणि तिला प्रायश्चित्तही नाही.